विद्यार्थ्यांचा कॅमेरा आणि गडाखालचीं कुलुपें

हल्लीं शाळा-कॉलेजांतून विद्यार्थ्यांस सामाजिक न्यायाच्या एखाद्या प्रश्नावर छायाचित्रांचा प्रकल्प करावयास सांगतात. ही पद्धत स्तुत्य आहे यांत शंका नाहीं. परंतु विषय ठरवितांना घरोघरीं जी चर्चा चालते ती ऐकली म्हणजे वाटतें कीं, आपण प्रश्न निवडीत नसून चित्र निवडीत असतों. फाटक्या सदऱ्यांतलें पोर, सुरकुतलेला चेहरा, पुलाखालीं मांडलेली चूल, इतकें मिळालें कीं झाला प्रकल्प ! ज्या दुःखाचा फोटो उठावदार येतो तेंच दुःख मोठें, अशी कांहींशी समजूत यामागें असते. ती दूर व्हावी एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

उदाहरणादाखल बीड जिल्ह्यांतील नारायणगड घेऊं. हा गड म्हणजे बुरुज-तटबंदीचा किल्ला नव्हे. नगद नारायणाचें हें देवस्थान वारकरी मंडळींत धाकटी पंढरी म्हणून ओळखलें जातें, आणि आषाढी वारीस येथून पालखी निघते. १२ ऑक्टोबर २०२४ रोजीं, दसऱ्याच्या दिवशीं, मराठा आरक्षणाच्या चळवळीचा प्रचंड मेळावा येथें भरला, तेव्हां त्या जनसागराचीं छायाचित्रें सर्वत्र झळकलीं. परंतु दसरा-दिवाळी उलटली कीं याच जिल्ह्याच्या रस्त्यांवरून दुसरा एक समुदाय दरसाल निघतो. भांडींकुंडीं, अंथरुणें, शेळ्या व तान्हीं मुलें घेऊन लाखों माणसें ट्रक-ट्रॅक्टरांतून सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूरकडे आणि थेट कर्नाटकांत ऊसतोडीला जातात. गाळपाचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे पांच-सहा महिने, मागें राहतात तीं म्हातारीं माणसें आणि कुलुपें.

या धंद्याची घडण समजून घेतल्यावांचून त्याचें चित्र काढतां येणार नाहीं. नवराबायकोच्या जोडीला येथें ‘कोयता’ म्हणतात. हत्याराचें नांव माणसाला, आणि तेंही दोघांना मिळून एक. हंगामापूर्वीं मुकादम या जोडीला ‘उचल’ देतो. ती बहुधा पुरुषाच्या हातीं पडते आणि दोघांच्या अंगमेहनतीनें फेडावी लागते. जानेवारी २०२४ मध्यें तोडणीचा दर ३४ टक्क्यांनीं वाढून टनामागें ३६६ रुपये झाला. जोडीनें दिवसाकाठीं दोन टन ऊस तोडला, तर दोघांचे मिळून सव्वासातशें रुपये झाले, आणि त्यांतूनच उचल वळती व्हावयाची. बाईनें पहांटे उठून भाकरी थापाव्यात, दिवसभर फडांत राबावें, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडींत चढवाव्यात, आणि हिशेबांत मात्र तिचें वेगळें नांव असूं नये ! एखाद्या दिवशीं अंथरुणावरून उठवलें नाहीं, तर खाड्याचा दंड आहेच.

या व्यवस्थेचा परिणाम किती खोल जातो तें २०१९ मध्यें उघडकीस आलें. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीपुढें बीड जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीची माहिती आली. त्यांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय शस्त्रक्रियेनें काढलेलें होतें. म्हणजे शंभरांत जवळजवळ सतरा.

हा आकडा वाचून एखादा तळमळीचा विद्यार्थी म्हणेल, “हाच माझा विषय.” येथेंच क्षणभर थांबावें. हें दुःख कॅमेऱ्यानें कसें दाखविणार ? कोणा बाईस उभी करून तिच्या व्यथेचा पुरावा मागणार काय ? जो अन्याय तिनें सोसला त्याचें प्रदर्शनही तिनेंच मांडावें, हा कोठला न्याय ?

याबाबत परदेशांतील एक जुनें उदाहरण बोधप्रद आहे. मार्च १९३६ मध्यें कॅलिफोर्नियांतील निपोमो येथें, वाटाण्याच्या शेंगा तोडणाऱ्या फिरत्या मजुरांच्या तळावर, डोरोथिया लँग या बाईंनीं मुलांसह बसलेल्या एका मातेचें छायाचित्र घेतलें. तें जगभर गाजलें. तळावर सरकारी धान्यही येऊन पोहोंचलें. पण तोंवर तें कुटुंब पुढच्या मुक्कामास गेलें होतें. पुढें १९७८ मध्यें त्या माता, फ्लॉरेन्स थॉम्प्सन, यांनीं बोलून दाखविलें कीं, आपणांस त्या चित्रापासून एक पैही मिळाली नाहीं, आणि घेणाऱ्यांनीं आपलें नांवही विचारलें नव्हतें. चित्र अमर झालें. चित्रांतली बाई मात्र बेचाळीस वर्षें निनांवी राहिली.

याच्या उलट लुईस हाइन. हा न्यूयॉर्कमधला शाळामास्तर १९०८ पासून बालमजुरीविरुद्ध लढणाऱ्या समितीसाठीं गिरण्या व खाणी हिंडला. आपल्या जाकिटाच्या गुंड्यांवरून तो मुलाची उंची ताडी, आणि नांव, वय, काम, मजुरी हें सारें टिपून ठेवी. त्याच्या चित्रांनीं लोकांचे डोळे उघडले, आणि १९३८ मध्यें अमेरिकेंत बालमजुरीवर देशव्यापी निर्बंध घालणारा कायदा झाला. आपल्याकडे सुधारक ओलवे यांनीं मुंबईच्या सफाई कामगारांचें जिणें वर्षानुवर्षें चित्रित केलें. २०१६ मध्यें त्यांना पद्मश्री मिळाली. दोघांचें मर्म एकच : ओळख आधीं, चित्र मागाहून.

म्हणून विषय निवडतांना विद्यार्थ्यानें स्वतःस चार प्रश्न विचारावेत. तेथें मला पुन्हा पुन्हा जातां येईल काय ? समोरच्या माणसास ‘नको’ म्हणतां येईल काय ? यावर उपाय आहे काय, आणि तो कोणाच्या हातीं आहे ? या अन्यायाशीं माझ्या घराचा कांहीं संबंध आहे काय ?

या कसोट्यांवर नारायणगडच्या परिसरांतील विद्यार्थ्यास आम्ही एकच विषय सुचवूं : वर्गांतील रिकामी जागा. आईबापांबरोबर फडावर गेलेल्या मुलाची शाळा अर्ध्यावर तुटते. यावर उपाय नाहीं असें नाहीं. मागें राहणाऱ्या मुलांसाठीं हंगामी वसतिगृहांची योजना आहे. शिवाय २०२१ मध्यें राज्य सरकारनें ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीं संत भगवानबाबांच्या नांवानें वसतिगृहें काढण्याचें ठरविलें. या भगवानबाबांचे गुरु माणिकबाबा याच नारायणगडावरचे, हा योग विसरण्याजोगा नाहीं. तेव्हां दिवाळीपूर्वींचा भरलेला वर्ग आणि मार्गशीर्षांतला तोच वर्ग, भरलेली गाडी, दाराचें कुलूप, नातवंडाला शाळेंत पोहोंचविणारी आजी, वसतिगृहांत लागलेली किंवा न लागलेली पंगत, एवढीं चित्रें पुरेत. शाळेची व पालकांची संमति घ्यावी, चित्राखालचा मजकूर ज्याचा त्याला वाचून दाखवावा, आणि एक प्रत त्याच्या हातीं द्यावी. प्रदर्शनही आधीं गांवांत, माणसें फडावरून परतल्यावर, भरवावें, शहरांत मागाहून. अशा चित्रांनीं नुसती कींव वाटत नाहीं. जाब कोणाला विचारावयाचा तें समजतें.

आतां वडीलधाऱ्या मंडळींस एक विनंती. चवथ्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास बीडला जावें लागत नाहीं. तें आपल्या साखरेच्या डब्यांत आहे. मुलगा अथवा मुलगी फोटो घेऊन घरीं आली म्हणजे, “किती गुण मिळाले ?” हें मागाहून विचारावें. आधीं विचारावें, “या माणसांचीं नांवें काय ? आणि यांचीं मुलें यंदा कोठें शिकत आहेत ?” या दोन प्रश्नांचीं उत्तरें ज्याला देतां येतील, त्याचा प्रकल्प उत्तम साधला असें आम्ही समजूं.