खलिता आणि मोर्तब
(लेखमाला : संगणकाचा बंदोबस्त, लेखांक सातवा)

अँटिव्हायरस आपल्या संगणकातील फायलींची झडती कशी घेतो, हे मागील लेखांकात पाहिले. ती झडती ज्या यादीच्या आधारे घेतली जाते, ती यादी दिवसातून अनेकदा परगावच्या एका दप्तरातून आपल्या यंत्रात येऊन दाखल होते; आणि नवल असे, की प्रत्येक आगंतुकास उंबऱ्यावर अडवावे म्हणून ज्या पहारेकऱ्याची आपण नेमणूक केलेली असते, तोच पहारेकरी या एका आगंतुकास मात्र आपल्याला न विचारता थेट माजघरापर्यंत येऊ देतो. आजचा लेखांक या पाहुण्याविषयी, म्हणजे अपडेटविषयी आहे.

नव्वदीच्या दशकात, कॅल्क्युलेटर-दुरुस्तीच्या दुकानापासून आरंभ करून कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी पुण्यात क्विक हील या अँटिव्हायरसचा पाया घातला, त्या काळी व्हायरस फ्लॉपीवर बसून हातोहात प्रवास करीत असल्यामुळे त्याची गतीही माणसाच्या गतीएवढीच होती, आणि यादी महिनापंधरा दिवसांनी आली तरी विशेष बिघडत नसे. इंटरनेटने ती सवड हिरावून घेतली. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधील एका छिद्रावर ठिगळ प्रसिद्ध केले. त्यानंतर एकोणसाठ दिवसांनी, १२ मे रोजी, वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने नेमक्या त्याच छिद्रातून जगभर प्रवेश केला. ज्यांनी ते दोन महिने ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबण्यात घालविले, त्यांच्या फायलींना कुलपे लागली. घरगुती संगणकापुरता माझा अभिप्राय म्हणूनच निःसंदिग्ध आहे : अपडेट आपोआप येऊ द्यावे, आणि त्याच्या वाटेत आपण उभे राहू नये.

मात्र येणारा खलिता खरा कशावरून? मराठेशाहीतील राजपत्रांच्या आरंभी शिक्का असे आणि शेवटी मोर्तब असे. मोर्तब झाल्यानंतर त्याखाली कोणास एक अक्षरही वाढविता येऊ नये, हा त्यामागील हेतू. आजच्या अपडेटला जी डिजिटल सही जोडलेली असते, ती ही दोन्ही कामे एकदम करते : पाठविणारा कोण ते सांगते, आणि वाटेत मजकुरास कोणी हात लावला नाही याचा दाखला देते. सही जुळली नाही तर चांगला अँटिव्हायरस ते अपडेट स्वीकारीत नाही. परंतु पाठविणाऱ्याच्याच घरात शत्रू शिरला असेल, किंवा पाठविणाऱ्याचीच चूक झाली असेल, तर मोर्तब काय करणार?

पहिल्या प्रकाराचा फटका थेट आपल्या किनाऱ्यास बसला. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एम.ई.डॉक या हिशेबाच्या प्रोग्रामच्या अपडेटमधूनच नॉटपेट्या नावाचा विध्वंसक प्रोग्राम बाहेर पडला. कर भरण्यासाठी तो प्रोग्राम तेथील असंख्य कचेऱ्यांत वापरला जात असल्याने मर्स्क या जहाजकंपनीचे जाळे त्यात सापडले, आणि युक्रेनमधील कारकुनी कामाच्या अपडेटपायी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलवरचे कामकाज विस्कळीत झाले.

दुसरा प्रकार अद्याप सर्वांच्या स्मरणात आहे. १९ जुलै २०२४, शुक्रवार, सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी (आपल्या घड्याळाप्रमाणे) क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने ‘चॅनेल फाइल २९१’ नावाची एक छोटी फाइल रवाना केली. त्या फाइलीतील नव्या नियमास एकवीस रकाने अपेक्षित होते आणि यंत्रातील प्रोग्राम मात्र वीसच रकाने भरून देत होता. एकविसावा शोधण्यासाठी तो स्मृतीच्या परक्या हद्दीत शिरला, आणि तो विंडोजच्या गाभ्यात वस्ती करून असल्यामुळे स्वतः पडताना सबंध संगणकास घेऊन पडला. अठ्ठ्याहत्तर मिनिटांत फाइल मागे घेण्यात आली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख यंत्रे निळ्या पडद्यावर येऊन थांबली होती. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. दुरुस्ती सोपी होती, एक फाइल पुसावयाची. परंतु ती यंत्रागणिक, सेफ मोडमध्ये शिरून, आणि डिस्क कुलूपबंद असेल तर तिची अठ्ठेचाळीस आकडी किल्ली शोधून करावयाची होती.

या प्रकरणातील खरा बोध घेण्याजोगा तपशील वेगळाच आहे. कित्येक सावध कचेऱ्यांनी प्रोग्रामची नवी आवृत्ती लगेच न घेता एक पायरी मागे राहण्याची तजवीज करून ठेवली होती, आणि तरीही त्या कोसळल्या. कारण ती तजवीज प्रोग्रामला लागू होती, नियमांच्या फाइलीला नव्हे. पुढे कंपनीने या फायली टप्प्याटप्प्याने पाठविण्याचे आणि ग्राहकास त्यावर ताबा देण्याचे ठरविले. तात्पर्य, कचेरीसाठी अँटिव्हायरस खरेदी करताना दरपत्रकाआधी विक्रेत्यास विचारावे : कोणता खलिता माझ्या हुकुमाने थांबतो, आणि कोणता थांबत नाही? जो थांबतो तो प्रथम पाचसहा साध्या यंत्रांवर, आणि दुसऱ्या दिवशी सर्वत्र. पन्नास यंत्रांनी एकच अपडेट बाहेरून पन्नासदा न मागता, एका सर्व्हरने ते घेऊन कचेरीतच वाटावे. बाहेरगावी हिंडणाऱ्या लॅपटॉपना मात्र ते थेट मिळण्याची मुभा हवी, नाही तर फिरतीवरचा कर्मचारी शिळ्या यादीवर हिंडतो.

घरी सेटिंगचे काम थोडे. साप्ताहिक तपासणीची वेळ रात्री दोनची ठेवलेली असते आणि त्या वेळी संगणक झोपलेला असतो; ती दुपारच्या जेवणाची करावी. दोन अँटिव्हायरस एकत्र नांदवू नयेत.

कचेरीत खरा घात होतो तो ‘वगळण्याच्या’, म्हणजे अँटिव्हायरसने तपासू नयेत अशा ठिकाणांच्या, यादीत. तालुक्याच्या गावी एका घाऊक किराणा व्यापाऱ्यांच्या पेढीवर मी मध्यंतरी बसलो होतो. पडद्याच्या कोपऱ्यात अँटिव्हायरसची हिरवी खूण, यादी त्याच सकाळची. आत जाऊन पाहतो तो वगळलेल्या ठिकाणांत सबंध सी ड्राइव्ह!

“शेठ, हे कोणी केलं?”

“अहो, बिल निघायला वेळ लागायचा. गिऱ्हाईक खोळंबायचं. मग त्या बसवणाऱ्या पोराने काहीतरी केलं, आणि मशीन पळायला लागलं.”

अँटिव्हायरस जागा आहे की नाही हे पाहण्यासाठी आयकार नावाची अडुसष्ट अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ जगभर वापरली जाते. तिला व्हायरस समजावे, असा या व्यवसायाचा संकेत आहे. ती नोटपॅडमध्ये लिहून डेस्कटॉपवर ठेवली. काहीच घडले नाही. सी ड्राइव्ह त्या यादीतून काढला, बिलाच्या प्रोग्रामचे डेटा-फोल्डर तेवढे वगळले, सेटिंगला पासवर्ड लावला, आणि तीच ओळ पुन्हा ठेवली. क्षणार्धात फाइल अदृश्य झाली व लाल चौकट उघडली.

शेठजींनी चष्मा वर केला. “मग इतके दिवस हे काय करत होतं?”

मी उत्तर देण्यापूर्वी त्यांनी मुनिमास एक बिल काढावयास सांगितले. साखर दोन पोती, तेलाचे पाच डबे. प्रिंटर लगेच कुरकुरला. शेठजींनी कागद उजेडात धरून बेरीज तपासली आणि मगच माझ्यासाठी चहा सांगितला.