गृहकर्जाची मुदतपूर्व परतफेड आणि कुटुंबाची काटकसर

सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची रक्कम हाती येई, तेव्हा कोठे घराचा पाया खणला जाई, अशी नोकरदार वर्गाची स्थिती आपल्या देशात दीर्घकाळ होती. १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांच्या पुढाकाराने एचडीएफसी ही गृहवित्त संस्था स्थापन झाली, १९८८ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँक अस्तित्वात आली आणि नव्वदच्या दशकातील आर्थिक सुधारणांनंतर व्यापारी बँकाही या क्षेत्रात उतरल्या. परिणामी पंचावन्नाव्या वर्षी बांधले जाणारे घर तिशी-पस्तिशीत घेतले जाऊ लागले. मात्र पूर्वी आधी बचत आणि मग घर असा क्रम होता. आता आधी घर आणि मग सक्तीची बचत असा तो झाला. ही सक्ती वीस वर्षांची असते. ती पंधरा वर्षांत संपवावी का, आणि त्यासाठी रोजच्या खर्चाला किती कात्री लावावी, हा प्रश्न वरकरणी कौटुंबिक वाटला तरी व्याजाचे गणित, चलनविषयक धोरण, करव्यवस्था आणि देशाची घरगुती बचत हे सर्व विषय त्यात एकत्र येतात. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी तो या अंगाने समजून घेणे उपयुक्त ठरेल.

हप्त्याची अंतर्रचना

समजा, इंदूर, कोइमतूर किंवा नाशिक यांसारख्या शहरातील एका कुटुंबाने ३० लाख रुपयांचे कर्ज ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले आहे. त्याचा मासिक हप्ता सुमारे २६,०३५ रुपये येतो. पहिल्या महिन्याचे व्याजच २१,२५० रुपये होते. म्हणजे हप्त्यातील केवळ ४,७८५ रुपये मुद्दलात जमा होतात. पाच वर्षांत हे कुटुंब १५ लाख ६२ हजार रुपये भरते आणि तरीही सुमारे २६ लाख ४४ हजार रुपये देणे शिल्लक राहते. संपूर्ण मुदतीत एकूण ६२ लाख ४८ हजार रुपये भरले जातात. त्यातील ३२ लाख ४८ हजार रुपये व्याजाचे असतात.

यात बँकेची लबाडी आहे, असा एक लोकप्रिय समज आहे. तो चुकीचा आहे. व्याज दरमहा शिल्लक मुद्दलावर आकारले जाते; आरंभी मुद्दल मोठे, म्हणून व्याज मोठे, एवढाच त्याचा अर्थ. तक्रार करण्याजोगी पद्धत पूर्वी होती. अनेक संस्था शिल्लक वर्षातून एकदाच कमी करीत असत. त्यामुळे वर्षभरात फेडलेल्या मुद्दलावरही वर्षअखेरपर्यंत व्याज चालू राही. मासिक घटत्या शिलकीची पद्धत रूढ झाल्यावर हा दोष दूर झाला.

या रचनेतूनच मुदतपूर्व परतफेडीचे महत्त्व स्पष्ट होते. हप्त्याव्यतिरिक्त भरलेला प्रत्येक रुपया थेट मुद्दलातून वजा होतो. वरील कर्जात पहिल्या वर्षाच्या अखेरीस एक लाख रुपये जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर मुदत सुमारे १८ महिन्यांनी घटते व व्याजात ३ लाख ७० हजार रुपयांची बचत होते. तेच एक लाख रुपये पंधराव्या वर्षाच्या अखेरीस भरले, तर बचत अवघी ५० हजार रुपयांची होते. पहिल्या महिन्यापासून दरमहा ३,००० रुपये अधिक भरत राहिल्यास कर्ज वीस वर्षांऐवजी १५ वर्षे ७ महिन्यांत संपते आणि सुमारे ८ लाख ३३ हजार रुपयांचे व्याज वाचते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आजचे तीन हजार आणि सोळाव्या वर्षीचे तीन हजार यांची थेट बेरीज-वजाबाकी अर्थशास्त्राला मान्य नाही. वाचलेले आठ लाख हा ‘नफा’ नव्हे. जादा भरलेल्या रकमेवर कर्जाच्या दराइतका, म्हणजे मासिक आकारणी धरता वार्षिक सुमारे ८.८ टक्के, निश्चित परतावा मिळतो, हीच त्याची खरी मोजणी होय. आकडे मोठे दिसतात ते काळामुळे.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठीच्या घरबांधणी अग्रिमाशी या कर्जाची तुलना उद्बोधक आहे. २०१७ च्या नियमांनुसार या अग्रिमाची कमाल मर्यादा २५ लाख रुपये आणि व्याजदर ८.५ टक्के सरळव्याज असा ठरविण्यात आला होता. पहिल्या १५ वर्षांत १८० हप्त्यांनी केवळ मुद्दल आणि त्यानंतर ५ वर्षांत ६० हप्त्यांनी व्याज वसूल होते. या पद्धतीने २५ लाखांवर सुमारे १६ लाख रुपये व्याज होते; बँकेच्या पद्धतीने त्याच दराने व त्याच मुदतीत ते २७ लाखांवर जाते. अग्रिमातील साचलेल्या व्याजावर पुन्हा व्याज लागत नाही. त्यामुळे मुद्दल फिटल्यानंतर राहिलेले व्याज घाईने भरून टाकण्यात अशा कर्मचाऱ्याचा आर्थिक लाभ काहीच नसतो. दर सारखा असूनही उत्तर वेगळे येते, ते परतफेडीच्या क्रमामुळे.

व्याजदराचे वारे आणि रिझर्व्ह बँकेचे नियम

गृहकर्जे बहुतांशी तरत्या दराची असतात. हा दर कशाशी जोडावा, याचा आपल्याकडील इतिहास बराच वळणावळणाचा आहे. प्रधान ऋणदर, जुलै २०१० पासून आधार दर, एप्रिल २०१६ पासून निधीच्या सीमान्त खर्चावर आधारित दर (एमसीएलआर) आणि ऑक्टोबर २०१९ पासून बँकांच्या नव्या तरत्या किरकोळ कर्जांसाठी रेपो दरासारखा बाह्य मानदंड, असे हे टप्पे आहेत. धोरणदरातील कपात बँका कर्जदारांपर्यंत पोहोचवीत नाहीत, ही तक्रार प्रत्येक बदलामागे होती. बाह्य मानदंडामुळे ती बरीच निवळली. परंतु वाढही तितक्याच वेगाने पोहोचू लागली.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. एप्रिल २०२२ मध्ये ७ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतलेल्या ३० लाखांच्या कर्जाचा हप्ता २३,२५९ रुपये होता. दर ९.५ टक्के झाल्यावर, शिल्लक अद्याप ३० लाखांच्या आसपासच असल्याने, महिन्याचे व्याजच साडेतेवीस हजारांवर गेले. हप्ता तोच ठेवला, तर मुद्दल फिटण्याऐवजी वाढू लागते. याला ‘ऋण परिशोधन’ म्हणतात. हप्ता स्थिर ठेवून मुदत परस्पर वाढविण्याच्या प्रथेमुळे अनेक कर्जदारांना आपले कर्ज निवृत्तीच्या पलीकडे गेल्याचे उशिराच कळले. या पार्श्वभूमीवर १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकान्वये रिझर्व्ह बँकेने कर्जदारास हप्ता वाढविणे, मुदत वाढविणे किंवा दोहोंचा मेळ घालणे, स्थिर दराकडे वळणे आणि अंशतः वा पूर्ण मुदतपूर्व परतफेड करणे हे पर्याय देणे बंधनकारक केले. २०२५ मध्ये रेपो दर पुन्हा खाली आला, तेव्हा उलट प्रश्न उद्भवला: हप्ता कमी करून घ्यावा की तोच ठेवून मुदत घटवावी? ज्याला कर्ज लवकर संपवायचे आहे, त्याने हप्त्याला हात लावू नये. त्यासाठी वेगळी काटकसरही करावी लागत नाही.

लवकर फेडणाऱ्याला पूर्वी दंड बसत असे. शिल्लक रकमेच्या साधारण २ टक्क्यांपर्यंतचा हा आकार कर्जदारास एका संस्थेत बांधून ठेवी. ग्राहकसेवेविषयीच्या दामोदरन समितीच्या शिफारशीनंतर जून २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने तरत्या दराच्या गृहकर्जांवर असा आकार घेण्यास बँकांना मनाई केली आणि २०१४ मध्ये ती व्यक्तींच्या सर्व तरत्या दराच्या मुदत कर्जांना लागू केली. स्थिर दराच्या कर्जाला मात्र हे संरक्षण सरसकट नाही; तेथे करारपत्र वाचणे अपरिहार्य आहे.

फेडावे की गुंतवावे?

मुदतपूर्व परतफेडीचा परतावा निश्चित आणि करमुक्त असतो. ७ टक्क्यांच्या मुदतठेवीवर ३० टक्के कर देणाऱ्याच्या हाती ४.९ टक्केच उरतात. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा दर एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्के झाला आणि पुढे कित्येक वर्षे तेथेच राहिला. तो करमुक्त असला तरी ८.५ टक्क्यांहून कमीच. समभागांचा परतावा दीर्घकाळात अधिक असू शकतो. पण तो अनिश्चित असतो.

कराचा मुद्दा थोडा सूक्ष्म आहे. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जव्याजावर वार्षिक दोन लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते; २०१४ च्या अर्थसंकल्पात ही मर्यादा दीड लाखावरून वाढविण्यात आली होती. ‘कर्ज फेडले तर करसवलत जाईल’ हा युक्तिवाद त्यातूनच येतो. तथापि उदाहरणातील कर्जाचे वार्षिक व्याज पहिली आठ वर्षे दोन लाखांहून अधिकच असते. मर्यादेवरील व्याजाला सवलत नसल्यामुळे या काळात जादा भरणा केला, तर सवलत न घटता केवळ व्याज घटते. व्याज मर्यादेच्या आत आल्यावर मात्र ३० टक्क्यांच्या टप्प्यातील करदात्यासाठी कर्जाचा वास्तविक खर्च सुमारे ५.९ टक्क्यांवर येतो आणि घाईचे कारण उरत नाही. २०२३-२४ पासून मूळ पर्याय ठरलेल्या नव्या करप्रणालीत ही वजावटच नाही, त्यामुळे तेथे हा प्रश्न उद्भवत नाही.

विरुद्ध बाजूही दुबळी नाही. चलनवाढ वार्षिक ५ टक्के धरल्यास २६,०३५ रुपयांच्या हप्त्याचे दहा वर्षांनंतरचे मूल्य आजच्या सुमारे १६ हजार रुपयांइतके उरते. वेतन वाढत जाते, हप्ता तसाच राहतो. काळ स्वतःच कर्जदाराच्या बाजूने काम करीत असतो. शिवाय घरात गेलेला पैसा सहज परत निघत नाही. आजारपणात बैठकीच्या खोलीची एक भिंत विकता येत नाही! सहा महिन्यांच्या खर्चाएवढी राखीव रक्कम आणि आरोग्य विमा हाताशी नसताना बँकेत जादा भरणा करणारे कुटुंब संकटकाळी ३६ टक्क्यांच्या क्रेडिट कार्डाकडे किंवा सावकाराकडे वळते आणि साडेआठ टक्क्यांची बचत तेथेच विरते. वैयक्तिक कर्ज वा कार्डाची थकबाकी असेल, तर ती आधी फेडावी. गृहकर्ज हे कर्जांमध्ये सर्वांत स्वस्त असते.

तीन हजार रुपये येतात कोठून?

दरमहा ३,००० म्हणजे रोजचे १०० रुपये. उदाहरणातील कुटुंबाचे मासिक उत्पन्न ७५ हजार मानले, तर हप्त्यानंतर सुमारे ४९ हजार उरतात. घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार शहरी भागात अन्नावरील खर्चाचा वाटा १९९९-२००० मध्ये ४८ टक्क्यांच्या आसपास होता. २०२३-२४ मध्ये तो ३९.७ टक्क्यांवर आला. उत्पन्न वाढते तसा अन्नाचा वाटा घटतो, हा एंगेलचा नियम परीक्षार्थींना परिचित आहे. काटकसरीच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की वाहतूक, दूरध्वनी, टिकाऊ वस्तू, करमणूक आणि बाहेरचे खाणे या टाळता येण्याजोग्या खर्चांचा अवकाश पूर्वीपेक्षा रुंदावला आहे.

खर्चाची वही ठेवणाऱ्या घरात ही रक्कम सापडण्यास सहसा अडचण येत नाही. कार्यालयात घरचा डबा, रिक्षाऐवजी बसचा किंवा उपनगरी रेल्वेचा मासिक पास, वाणसामानाची महिन्याची एकच यादी, जुना दूरचित्रवाणी संच आणखी चार वर्षे चालविणे, लग्नकार्यातील आहेराला मर्यादा, यांतून ती उभी राहते. यापेक्षा परिणामकारक मार्ग मोठ्या, अनियमित रकमांचा आहे. दिवाळीचा बोनस, महागाई भत्त्यातील वाढीचा फरक, भिशीची उचल, वेतन आयोगाची थकबाकी ही रक्कम नित्य खर्चात मुरण्याआधीच कर्जखात्यात गेली, तर कोणाच्याही ताटातले काही कमी होत नाही. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी केंद्रीय कर्मचाऱ्यांना २००८-०९ मध्ये ४० टक्के आणि २००९-१० मध्ये ६० टक्के अशी मिळाली होती. ज्यांची कर्जे तेव्हा पाच वर्षांच्या आतली होती, त्यांच्यासाठी याहून अनुकूल वेळ क्वचितच आली असेल.

परंतु सर्व काटकसर सारखी नसते. दूध, फळे, डाळ, नियमित औषधे, मुलींचे शिक्षण यांवरील कपात हिशेबात बचत म्हणून दिसते. प्रत्यक्षात ती मानवी भांडवलाची झीज असते आणि तिची भरपाई पुढे अधिक दराने करावी लागते. दुसरी बाब क्वचितच चर्चिली जाते. धुण्याभांड्यांची मदत बंद केली, बाहेरून येणारे पोळीभाजीचे डबे थांबविले, तर पैसा वाचतो आणि त्याजागी श्रम येतात. हे श्रम बहुतांश घरांत गृहिणीच्या किंवा नोकरी करणाऱ्या पत्नीच्याच वाट्याला जातात. कर्जावर दोघांची नावे असतात, घरकामावर मात्र एकीचेच. काटकसरीचा भार घरात कोणावर पडतो, हे न तपासता ठरविलेला मासिक आकडा अन्यायकारक ठरण्याची शक्यता मोठी आहे. जेथे कपात ताटात, औषधात किंवा एकाच व्यक्तीच्या विश्रांतीत होत असेल, तेथे कर्ज चार वर्षे अधिक चालू देणेच शहाणपणाचे आहे.

राष्ट्रीय हिशेबातील स्थान

मुद्दलाची परतफेड हा उपभोग नसून बचत आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांकडून अनेकदा निसटते. कुटुंबक्षेत्राची निव्वळ वित्तीय बचत काढताना ठेवी, विमा, निधी इत्यादींतील वाढीतून देण्यांतील वाढ वजा केली जाते. म्हणून कर्जे झपाट्याने वाढली की ही बचत घटलेली दिसते; २०२२-२३ मध्ये ती स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ५ टक्क्यांपर्यंत खाली आली, त्यामागे हे एक प्रमुख कारण होते. घर हे भौतिक मालमत्तेत मोजले जात असल्याने या घटीचा अर्थ कुटुंबे उधळी झाली असा सरसकट लावता येत नाही.

सर्वांनीच खर्च कमी केला तर मागणी घटून उत्पन्नच आटेल, हा केन्सने १९३६ मध्ये मांडलेला काटकसरीचा विरोधाभास येथे आठवतो. मंदीच्या काळात तो खराही ठरतो. एरवी परत आलेले मुद्दल बँक दुसऱ्या कर्जदारास देते. एका घराची काटकसर दुसऱ्या घराचे दार उघडते.

कर्ज फिटल्यानंतरचे एक काम अनेक कुटुंबे विसरतात. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या आदेशानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांच्या आत मालमत्तेची मूळ कागदपत्रे परत करणे आणि नोंदविलेला बोजा उतरविणे ऋणदात्यावर बंधनकारक आहे. त्याच्या चुकीमुळे विलंब झाल्यास कर्जदारास प्रतिदिन ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. शेवटचा हप्ता मुदतीत भरलेला असो वा चार वर्षे आधी, हा हक्क सारखाच आहे.