गॅरेजच्या दाराखालची बोटभर फट

पहिला मोठा पाऊस झाला की घरातली माणसे आधी गच्चीकडे धावतात, मग खिडक्यांकडे. गॅरेजची आठवण होते ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी, शटर वर करताना कुबट वास नाकात शिरतो तेव्हा. दारापासून हातभर आत ओलीचा पट्टा, सायकलच्या रिमवर गंज, गाद्यांच्या वळकटीला बुरशी आणि गेल्या वर्षीचे गणपतीचे मखर खालून भिजून मऊ पडलेले. आपल्याकडे गॅरेज ही नुसती मोटार ठेवायची जागा कधीच नसते. ट्रंका, जुनी पुस्तके, पाहुण्यांची अंथरुणे, इन्व्हर्टरची बॅटरी, एखाद्या घरी भरलेला जादा सिलिंडरसुद्धा, सगळ्यांची रवानगी तिथेच होते.

मग बाजारातून रबराची पट्टी येते, सिलिकॉनची नळी येते आणि एका रविवारी घरातले कर्ते पुरुष सगळ्या फटी बुजवायला बसतात. हेतू चांगला असतो. पण कोणती फट बुजवायची आणि कोणती मुद्दाम उघडी ठेवायची, हे ठरवल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये. पैसे वाया जातील हे एक, आणि प्रसंगी ते जिवावरही बेतू शकेल.

आधी पाणी नेमके कुठून येते ते पाहा. रात्री शटर खाली ओढून एकाने बाहेरून बॅटरीचा झोत कडेकडेने फिरवावा, दुसऱ्याने आत अंधारात उभे राहून उजेड दिसेल तिथे खडूने खूण करावी. मुलांना हे काम फार आवडते. दुसऱ्या दिवशी नळीने पाणी मारून बघा, पण खालून सुरुवात करून हळूहळू वर जा. एकदम वरून पाणी सोडले तर ते ओघळत सगळीकडे जाते आणि काहीच कळत नाही.

तिसरी परीक्षा सर्वांत महत्त्वाची, आणि बहुतेक घरांत ती होतच नाही. दीड फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद जमिनीवर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवा. कागदाच्या खालच्या बाजूला थेंब धरले तर ओल जमिनीतून वर येते आहे. दाराला कितीही रबर लावले तरी ती थांबणार नाही. वरच्या बाजूला थेंब दिसले तर हवेतली वाफ गार फरशीवर बसते आहे. तिथे फटी बुजवल्या तर ओल वाढेलच. कोकणपट्टीत आणि मुंबईत जुलैतल्या हवेत ओलाव्याचे प्रमाण बहुधा ऐंशी टक्क्यांच्या वर असते. त्यात भिजलेली गाडी आत आणून लावली की तिच्या अंगावरचे पाणी जाणार कुठे?

दाराखालूनच पाणी येत असेल, तर पहिला उपाय दारात नसून दाराबाहेर आहे. गाडी आत येण्याच्या उताराचा कल घराकडे असेल तर पाऊस आपणच आत बोलावला आहे. दर फुटाला पाव इंच या हिशेबाने बाहेरच्या बाजूला कल काढून घ्यावा. ते जमत नसेल तर दारासमोर आडवी गटारी खणून वर लोखंडी जाळी टाकावी. छताची पन्हळ नेमकी दारासमोर सुटत असेल तर तिचे तोंड वळवावे. एवढ्यानेच अनेक ठिकाणी निम्मे काम होते, आणि रबराची पट्टी लागलीच तर ती टिकतेही.

पट्टी निवडताना साधे रबर टाळावे. उन्हाने दोन-तीन उन्हाळ्यांत त्याला चिरा पडतात. दुकानात ईपीडीएम रबर मागावे, ते ऊन जास्त सोसते. शटरच्या खालच्या पट्टीला ॲल्युमिनियमच्या सपाट पट्टीखाली दाबून ते स्क्रूने बसवतात. जमिनीवर चिकटवायचा रबरी उंबराही मिळतो, पण फरशी कोरडी आणि स्वच्छ नसेल तर तो पहिल्याच पावसात उखडतो. म्हणून हे काम एप्रिल-मेमधलेच. कडेच्या ज्या खाचेतून शटर सरकते, तिथे जाड रबर कोंबू नये, शटर अडकते. तिथे नायलॉनच्या केसांची ब्रशसारखी पट्टी चालते. खालची पट्टी आधीच गंजली असेल, समुद्राकाठच्या गावांत ती हमखास गंजते, तर गंज घासून रेड ऑक्साइड आणि रंग देऊन मगच रबर लावावे. नाहीतर रबराआड गंज सुखाने वाढत राहतो.

लाकडी दारांची गोष्ट वेगळी. जुलैत दार फुगते, चौकटीत अडते आणि घरमालक वैतागून सुताराला बोलावतो. जाणता सुतार अशा वेळी रंधा बाहेर काढत नाही. पावसाळ्यात घासलेले दार थंडीत आक्रसते आणि मग बोटभर फट पडते. त्यापेक्षा दार कोरडे असताना त्याची वरची आणि खालची कड रंगवून घ्यावी. दार दर्शनी बाजूने चकचकीत रंगवलेले असते, पण या दोन कडा कोरीच राहतात, आणि लाकूड पाणी पिते ते तिथूनच.

पश्चिमेकडे तोंड असलेल्या दाराला झड बसते. तळकोकणात पावसाआधी पडवीला माडाच्या चुडतांची झापे बांधतात, त्यामागचा विचार हाच, की पावसाला दारापर्यंत येऊच द्यायचे नाही. दारावर दोन-अडीच फुटांचा छज्जा असेल तर कडेच्या फटींची निम्मी काळजी मिटते. नागपूर, इंदूरकडे डिसेंबर-जानेवारीत दाराखालून गार वारा शिरतो, त्याला खालची पट्टी पुरते. शिवाय उंदीरही अडतो. पाव इंचाच्या फटीतून छोटा उंदीर आत येतो आणि मोटारीच्या वायरी कुरतडून ठेवतो, हे ज्यांनी मेकॅनिकचे बिल भरले आहे त्यांना सांगायला नको.

आता उघडी ठेवायच्या फटींविषयी. चालू इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने त्याला धरून ठेवते. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि माणसाला वाटते की आज जरा दगदग झाली. पक्क्या बंद गॅरेजात गाडी किंवा जनरेटर चालू ठेवणे हा मरणाशी खेळ आहे. थंडीत गाडी ‘गरम करायला’ चालू करून चहा प्यायला आत येणारे लोक अजूनही आहेत. दार पूर्ण उघडावे, गाडी सुरू करावी आणि लगेच बाहेर काढावी.

पेट्रोलची वाफ आणि स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असतात, ते जमिनीलगत साचतात. याउलट सीएनजी हलका, तो छताशी जातो. इन्व्हर्टरच्या पाणी घालायच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजनही वरच जातो. त्यामुळे झरोका एक वर आणि एक खाली, असे दोन हवेत. दोन्ही बाजूच्या किंवा मागच्या भिंतीत, झड बसत नाही अशा अंगाला. खालचा झरोका पाण्याच्या शिंतोड्यांच्या वर असावा आणि दोहोंना बारीक जाळी ठोकावी. भरलेला सिलिंडर मात्र तिथून आजच हलवावा.

एक दार मात्र खरोखर घट्ट बंद करण्यासारखे असते, ते म्हणजे गॅरेजातून घरात उघडणारे. गंमत अशी, की त्याच्याकडे कुणाचेच लक्ष जात नाही, कारण त्याखालून पाणी येत नाही. धूर आणि वाफ घरात शिरतात त्या तिथूनच. चौकटीला तिन्ही बाजूंनी रबर, खाली पट्टी आणि आपोआप मिटणारी बिजागरी, एवढे त्या दाराला पुरते. गॅरेजवर मुलांची खोली असेल तर छतातून वायर आणि पाइप जातात ती भोकेही बुजवून घ्यावीत.

आणि पूर आलाच तर? 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. तसल्या पाण्यापुढे रबराची पट्टी काय करणार! पाणी चढताना दिसले की सामान वर न्यावे आणि जमले तर वेळीच गाडी उंचावर हलवावी. एकदा बुडालेली गाडी सुरू करून बघण्याचा मोह टाळावा. इंजिनात पाणी असेल तर ते जागच्या जागी निकामी होते. तिथला चिखल उपसताना गमबूट आणि हातमोजे घालावेत. त्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती, आणि तो आजार उंदरांच्या मुतामुळे दूषित झालेल्या पाण्यातून, कातडीवरच्या छोट्याशा जखमेवाटेही होतो. चिखल निघाल्यावर दोन्ही झरोके उघडे आहेत ना ते बघून, शटर वर करून, चार दिवस गॅरेज तसेच वाळू द्यावे. सामान परत आत नेताना ट्रंका विटांवर ठेवाव्यात.