मॅग्डलीन लाँड्री परिमार्जन योजना (आयर्लंड)

मॅग्डलीन लाँड्री परिमार्जन योजना ही आयर्लंडच्या शासनाने २०१३ साली स्वीकारलेली सानुग्रह भरपाईची योजना आहे. कॅथलिक धर्मभगिनींच्या संघांनी चालवलेल्या 'मॅग्डलीन लाँड्री' या संस्थांत कोंडून ठेवलेल्या आणि विनावेतन धुलाईकाम कराव्या लागलेल्या स्त्रियांपैकी हयात असलेल्यांना रोख रक्कम, निवृत्तिवेतन व आरोग्यसेवा देण्याची तरतूद तीत आहे. योजना 'सानुग्रह' आहे, म्हणजे शासनाने कायदेशीर उत्तरदायित्व मान्य न करता ही मदत देऊ केली. पुढे उद्भवलेल्या बहुतेक वादांचे मूळ या एका शब्दात आहे.

== पार्श्वभूमी ==
बायबलमधील मेरी मॅग्डलीन हिच्या नावावरून 'पतित' मानल्या गेलेल्या स्त्रियांच्या आश्रयगृहांना हे नाव पडले. आयर्लंडमधील पहिले असे गृह अठराव्या शतकात डब्लिनच्या लीसन स्ट्रीटवर लेडी अरबेला डेनी या प्रॉटेस्टंट दानशूर स्त्रीने सुरू केले. एकोणिसाव्या शतकात बहुतेक गृहे कॅथलिक धर्मसंघांकडे आली आणि तात्पुरत्या आसऱ्याची जागा दीर्घ बंदिवासाने घेतली. १९२२ मध्ये स्वतंत्र राज्य स्थापन झाल्यानंतर अशा दहा लाँड्री चार धर्मसंघांकडे होत्या : सिस्टर्स ऑफ मर्सी, गुड शेफर्ड सिस्टर्स, सिस्टर्स ऑफ चॅरिटी आणि सिस्टर्स ऑफ अवर लेडी ऑफ चॅरिटी. डब्लिन, कॉर्क, लिमरिक, गॉलवे, वॉटरफर्ड, न्यू रॉस व डन लेअरी येथे त्या होत्या. शेवटची लाँड्री, डब्लिनमधील शॉन मॅकडरमॉट स्ट्रीटची, २५ ऑक्टोबर १९९६ रोजी बंद झाली.

या संस्थांत केवळ अविवाहित माता होत्या, हा समज अपुरा आहे. औद्योगिक शाळांतून वयात आल्यावर धाडलेल्या मुली, किरकोळ गुन्ह्यात न्यायालयाने तुरुंगाऐवजी पाठवलेल्या स्त्रिया, अनाथ, मतिमंद, घरी अत्याचार झालेल्या आणि कुटुंबाला नकोशा झालेल्या मुली असे सर्वच तेथे येत. आल्यावर अनेकींचे नाव बदलले जाई व केस कापले जात. दारे कुलूपबंद असत, आणि आपण येथून केव्हा सुटणार हे बहुतेकींना कोणी सांगत नसे. पळून गेलेल्या मुलींना पोलिसांनी परत आणून सोडल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. धुण्यासाठी येणारे कपडे हॉटेले, रुग्णालये व खाजगी घरांबरोबरच शासकीय खात्यांचे आणि सैन्यदलाचेही असत. श्रमाचा मोबदला नव्हता. सामाजिक विम्याचे हप्तेही भरले जात नसत. त्यामुळे म्हातारपणी या स्त्रियांना पूर्ण निवृत्तिवेतनाचा हक्कच उरला नाही.

== मौनापासून माफीपर्यंत ==
१९९३ मध्ये डब्लिनच्या ड्रमकाँड्रा भागातील हाय पार्क मठाने आपली जमीन विकली. त्या जमिनीत लाँड्रीतील स्त्रियांचे दफनस्थान होते. १३३ मृतदेह हलवण्याची परवानगी घेण्यात आली. उकरताना आणखी २२ सापडले. अनेकींच्या मृत्यूची अधिकृत नोंदच नव्हती. अवशेषांचे दहन करून ते ग्लासनेव्हिन दफनभूमीत पुरण्यात आले. या प्रकरणाने विषय प्रथमच सार्वजनिक चर्चेत आला.

१९९९ मध्ये पंतप्रधान बर्टी आहर्न यांनी संस्थांमध्ये छळ झालेल्या मुलांची माफी मागितली आणि २००२ मध्ये निवासी संस्थांसाठी भरपाई कायदा झाला. त्यातून मॅग्डलीन लाँड्री वगळण्यात आल्या. त्या खाजगी होत्या आणि स्त्रिया तेथे स्वेच्छेने राहत होत्या, अशी शासनाची भूमिका होती. 'जस्टिस फॉर मॅग्डलीन्स' या गटाने हा दावा खोडण्यासाठी अभिलेख गोळा केले आणि प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीपुढे नेला. जून २०११ मध्ये समितीने स्वतंत्र चौकशीची शिफारस केली, तेव्हा शासनाने सिनेटर मार्टिन मॅकअलीस यांच्या अध्यक्षतेखाली आंतरविभागीय समिती नेमली.

फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या मॅकअलीस अहवालाने १९२२ नंतर किमान १०,०१२ स्त्रिया या संस्थांत गेल्याचे दाखवले. प्रवेशाचा मार्ग ज्ञात असलेल्या प्रकरणांपैकी २६.५ टक्क्यांत शासनाचा सहभाग होता. सर्वांत लहान मुलगी ९ वर्षांची होती. 'शासनाचा संबंध नाही' ही भूमिका येथे संपली. मात्र राहण्याचा मध्यक कालावधी सात महिने आहे, या आकड्यावर टीका झाली. तो फक्त कालावधी उपलब्ध असलेल्या नोंदींवरून काढला होता, आणि १९२२ पूर्वी येऊन पुढे तेथेच राहिलेल्या स्त्रिया त्यात धरलेल्या नव्हत्या. म्हणजे ज्या आयुष्यभर अडकल्या, त्यांतील अनेकजणी आकड्यातूनच गळाल्या. गॉलवे व डन लेअरी येथील लाँड्रींच्या नोंदवह्याही उपलब्ध नव्हत्या.

अहवालाच्या दिवशी पंतप्रधान एन्डा केनी यांनी दिलेली मोघम प्रतिक्रिया संतापाचे कारण ठरली. दोन आठवड्यांनी, १९ फेब्रुवारी रोजी, त्यांनी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात शासनाच्या वतीने निःसंदिग्ध माफी मागितली. त्या वेळी प्रेक्षक सज्जात लाँड्रीतून बाहेर पडलेल्या काही स्त्रिया उपस्थित होत्या.

== योजनेचे स्वरूप ==
भरपाईचा आराखडा न्यायमूर्ती जॉन क्विर्क यांनी तयार केला. रक्कम संस्थेत घालवलेल्या काळावर ठरते : तीन महिने किंवा कमी काळासाठी ११,५०० युरो, तर दहा वर्षे व अधिक काळासाठी कमाल १,००,००० युरो. या कमाल रकमेतील ४०,००० युरो बंदिवासाबद्दल, तर ६०,००० युरो केलेल्या कामाबद्दल आहेत. ५०,००० युरोंवरील भाग एकदम न देता हप्त्यांनी दिला जातो. निवृत्तीचे वय झालेल्यांना अंशदायी निवृत्तिवेतनाच्या पातळीपर्यंत पूरक रक्कम, तर त्याखालील वयाच्यांना दर आठवड्याला १०० युरो मिळतात. छळ किती झाला हे सिद्ध करावे लागत नाही, ही या आराखड्याची जमेची बाजू. उलटतपासणीचा त्रास त्यामुळे टळला. पण ज्यांनी अल्पकाळात भयंकर सोसले त्यांची भरपाई अल्पच राहिली. रक्कम स्वीकारताना शासनावर दावा न करण्याचे लेखी वचन द्यावे लागते.

आरोग्यसेवेच्या बाबतीत क्विर्क यांची शिफारस स्पष्ट होती : दूषित रक्तामुळे हेपॅटायटिस सी झालेल्या रुग्णांना शासन जे आरोग्यपत्र देते, त्याच्या तोडीच्या सर्व सेवा या स्त्रियांना मिळाव्यात. २०१५ च्या कायद्याने दिलेले आरोग्यपत्र त्यापेक्षा बरेच तोकडे निघाले.

== लोकपालांचा अहवाल ==
लोकपाल पीटर टिंडल यांच्या नोव्हेंबर २०१७ च्या अहवालाने योजनेच्या अंमलबजावणीत गैरप्रशासन झाल्याचा निष्कर्ष काढला. लाँड्रीच्याच आवारातील किंवा लगतच्या 'प्रशिक्षण केंद्रां'त नोंद असलेल्या, पण प्रत्यक्षात लाँड्रीत काम केलेल्या स्त्रियांचे अर्ज फेटाळले गेले होते. हाय पार्कच्या आवारातील 'अन ग्रियानान' हे त्याचे ठळक उदाहरण. एकाच भिंतीआडच्या दोन दारांतून दोन वेगवेगळे न्याय मिळत होते. अर्जदाराच्या साक्षीपेक्षा धर्मसंघांच्या नोंदींना अधिक वजन देण्यात आले होते. स्वतः निर्णय घेण्यास असमर्थ असलेल्या वृद्ध स्त्रियांची रक्कमही अडकून पडली होती. शासनाने २०१८ मध्ये आणखी १४ संस्थांतील स्त्रियांना योजना लागू केली. आजवर ८०० हून अधिक स्त्रियांना मिळून ३ कोटी युरोंपेक्षा जास्त रक्कम देण्यात आली आहे.

हा खर्च सरकारी तिजोरीतून झाला. चारही धर्मसंघांनी निधीत वाटा उचलण्यास २०१३ मध्येच नकार दिला, आणि त्यांना भाग पाडणारी तरतूद योजनेत नव्हती.

== नंतरच्या घडामोडी ==
अविवाहित माता व त्यांच्या मुलांच्या 'माता-बाल गृहां'साठी वेगळा आयोग नेमला गेला. ट्यूआम येथील गृहात मृत्यू पावलेल्या ७९६ मुलांचा शोध स्थानिक इतिहास-अभ्यासक कॅथरीन कॉर्लेस यांनी घेतल्यानंतर त्याची मागणी वाढली होती. जानेवारी २०२१ मध्ये अंतिम अहवाल व शासनाची माफी आली. भरपाई योजना मार्च २०२४ मध्ये खुली झाली. बालपणी सहा महिन्यांपेक्षा कमी काळ गृहात राहिलेल्यांना तीतून वगळण्यात आले आहे.

शॉन मॅकडरमॉट स्ट्रीटची इमारत हॉटेलसाठी विकण्याचा डब्लिन महापालिकेच्या प्रशासनाचा प्रस्ताव २०१८ मध्ये नगरसेवकांनी फेटाळला. २०२२ मध्ये तेथे राष्ट्रीय संशोधन व स्मृतिकेंद्र उभारण्यास शासनाने मान्यता दिली. त्याआधीचे सार्वजनिक स्मारक म्हणजे सेंट स्टीफन्स ग्रीन उद्यानातील एक बाक. १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांनी त्याचे अनावरण केले होते.