पगार, वाटा की मानधन?

21 नोव्हेंबर 2025 ला देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि 'गिग कामगार' कायद्यात रीतसर नांदायला लागला. धड नोकर नाही, धड धंदेवाला नाही, अशी ही मधलीच जात. दिल्लीला ती नवी वाटत असेल. रत्नागिरीकराला तिचं काय कौतुक? आमच्याकडे ती कधीची जेटीवर, टपालात आणि गिरणीच्या फाटकाशी उभी आहे.

जाळं नावाचा भागीदार

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराला होडी लागली, मासळी विकली गेली की हिशेबाला बसतात. आधी डिझेल, बर्फ आणि रेशन वजा. उरलेल्याचे वाटे: होडीचा, जाळ्याचा, तांडेलाचा म्हणजे कप्तानाचा, मग खलाशांचे. जाळ्यालाही वाटा असतो बरं का. ते जेवत नाही, आजारी पडत नाही, तरी भागीदार! काही नौकांवर महिन्याचा पगार असतो, काहींवर दोन्हींची सरमिसळ.

मग खलाशी नोकर की भागीदार? अमेरिकेच्या करकायद्यात याचं चक्क उत्तर आहे. नौकेवर साधारण दहापेक्षा कमी माणसं असतील आणि मोबदला मासळीच्या वाट्यातून मिळत असेल, तर खलाशी स्वयंरोजगारी. ब्रिटनमध्येही वाट्यावरचा मच्छीमार करापुरता स्वतःचाच धनी. आपल्या मोठ्या पर्ससीन नौकेवर पंचवीस-तीस जण सहज मावतात, तेव्हा अमेरिकेची फूटपट्टी इथे पहिल्याच नौकेला तोकडी पडायची. त्यातले कितीतरी खलाशी नेपाळचे आणि हंगामाआधी उचल घेऊन आलेले. उचल घेतलेला भागीदार ही खास आपल्याकडची पैदास.

सरकारचा माणूस, पण नोकर नव्हे

खोत हा इंग्रजी अमदानीत कोकणातला सर्वात मोठा कंत्राटदार म्हणायला हवा. गावाचा सारा गोळा करायचा, सरकारात भरायचा आणि मधलं आपलं. हा जमिनीचा मालक की नुसता वसुलीचा मक्तेदार, यावर सरकार आणि खोत यांची वर्षानुवर्षं जुंपली आणि त्यातून 1880 चा खोती कायदा आला. खाली कुळं अर्धेल, तिर्धेल म्हणजे पिकाचा अर्धा, तिसरा हिस्सा भरत होती, वर वेठ करत होती. त्यांना मात्र तुम्ही कोण म्हणून विचारायची कोणाला गरज वाटली नाही.

टिळकांचं घराणं दापोलीकडच्या चिखलगावचं खोत. आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगडातलं आंबडवे. जिल्हा एकच! सप्टेंबर 1937 मध्ये आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, जानेवारी 1938 मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत नेला. खोती गेली ती पुढे 1949 च्या कायद्याने. आज खोत असता तर मोबाइलवर अ‍ॅप काढून 'आम्ही फक्त जोडून देतो' म्हणाला असता.

239 दिवस

मुंबईच्या गिरण्यांना सर्वात जास्त माणसं पुरवणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरी अगदी वर. त्यातले किती तरी 'बदली'. सकाळी फाटकाशी उभं राहायचं. कोणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर खोलीवर परत. 1935 मध्ये मालकसंघाने बदली कामगारांना कार्डं दिली, म्हणजे वाट बघण्यालाही शिस्त आली.

औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफच्या भरपाईच्या कलमाखाली एक छोटा खुलासा होता: बदलीवाल्याने सलग वर्ष भरलं की तो बदली राहत नाही. आणि वर्ष म्हणजे 240 दिवस. 240 भरायच्या आत माणसाला घरी बसवलं की प्रश्नच मिटला. तेव्हापासून सगळ्या महाराष्ट्राला 239 पर्यंतचे आकडे तोंडपाठ! 'ब्रेक दिला' हे वाक्य कारकुनापासून वॉचमनपर्यंत कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.

विडी एक, निकाल दोन

1961 च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयासमोर महाराष्ट्रातल्याच विड्या दोनदा वळल्या गेल्या. नागपूरच्या कारखान्यात वळणारे विड्यांच्या संख्येवर पैसे घेत, पण घरी वळायची मुभा नव्हती आणि दुपारनंतर आलं तर काम मिळत नसे. निकाल: कामगार. सिन्नरच्या खटल्यातला माणूस हवं तेव्हा येई, हवं तेव्हा जाई, अमुक इतक्या विड्या वळायलाच हव्यात असं बंधन नाही. निकाल: कामगार नाही. तंबाखू तोच, पान तेच. शेवटी 1966 मध्ये विडी कामगारांचा वेगळा कायदा आला आणि घरी बसून वळणाऱ्या बायकाही त्यात धरल्या गेल्या.

1973 मध्ये सिकंदराबादच्या शिंप्यांचा प्रश्न आला. तेही नगावर शिवायचे. न्यायालयाने पाहिलं: शिवणयंत्र दुकानाचं, आणि शिवण पसंत नसेल तर मालक उसवून पुन्हा शिवायला लावतो. ठरलं, नोकर.

टपाल आणि आशा

ग्रामीण डाक सेवक दिवसाला चार-पाच तासांचा. त्याला मिळतो तो पगार नव्हे, वेळेनुसार भत्ता. पोटापाण्याची दुसरी सोय असल्याची अटही असते. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, त्याचं पद सरकारी, पण नियमित सेवेच्या बाहेरचं. कोकणातल्या किती चुली याने आणून दिलेल्या मनीऑर्डरींवर पेटल्या, ते मोजायला बसू नये.

गावच्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई तर कागदोपत्री स्वयंसेविका. घेतात ते 'मानधन'. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा सन्मान केला. सन्मान आला, नेमणूकपत्र नाही.

आता अ‍ॅपवाला

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये उबरचे चालक ना पूर्ण नोकर, ना पूर्ण स्वतंत्र, असं ठरवून किमान वेतन आणि पगारी सुट्टी दिली. आपल्या संहितेने गिग कामगाराला मालक-नोकर नात्याच्या बाहेरच ठेवलंय, पण त्याच्या सामाजिक सुरक्षेसाठी कंपनीने वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के भरायचे, तेही कामगारांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्क्यांच्या आत. म्हणजे ऑर्डर पोहोचवणाऱ्या पोराच्या हातात 100 रुपये पडले, तर निधीत फार तर 5.

आता शिंप्यांची कसोटी लावून बघा. दुचाकी पोराची, पेट्रोल त्याचं, पंक्चरही त्याचं. पण ऑर्डर उशिरा पोहोचली की तारे कापणारं बोट भलत्याचंच.