शोकेसमधला दगड एकदा हातात घ्या!

मैत्रिणींनो, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे घरात एखादा तरी दगड असतोच. कुणी सहलीहून आणलेला, कुणी नदीच्या पात्रातून वेचलेला. आमच्याकडेही होता. सिरोंच्याकडून सासऱ्यांनी आणलेली राखी रंगाची पातळ चीप, आणि तिच्यावर कौलं शाकारावीत तशी चकचकीत खवलं. एकदा पाहुणे यायचे होते, म्हणून मी ती संडास धुण्याच्या अ‍ॅसिडने घासली. फसफस झाली, दगड स्वच्छ निघाला, आणि खवलंही गेली! आता मामंजी नाहीत. ती नेमकी कुठली, हे विचारायचंही राहून गेलं. निदान तुमच्या हातून असं होऊ नये, म्हणून हे लिहायला बसले.

सिरोंच्याजवळच्या कोटा गावाचं नाव भूगर्भशास्त्रात जगभर माहीत आहे. तिथल्या चुनखडीत १७-१८ कोटी वर्षांपूर्वीचे मासे सापडतात. त्याच थरात, नदीपलीकडे तेलंगणात, ‘बारापासॉरस टागोराय’ या महाकाय प्राण्याची हाडं मिळाली. १९७५ साली त्याचं हे नामकरण झालं, आणि सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. सिरोंचा तालुक्यातच वडधम इथे दगड झालेले वृक्षांचे ओंडके आहेत. चंद्रपूरच्या कोळशाबरोबरच्या पाटीसारख्या खडकात जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे मिळतात.

ओळखायचा कसा?

गाळ थरावर थर साचून झालेला खडक बाजूने पाहिला, तर बऱ्याचदा पापुद्रे दिसतात. बोटाला रवाळ लागला, तर वाळूचा. मागच्या कोऱ्या बाजूला व्हिनेगरचा एकच थेंब टाका. बुडबुडे आले तर चुनखडी. ठशावर मात्र थेंब कधीही नको! दगड झालेलं लाकूड हाताला जड लागतं, त्यात लाकडाच्या रेषा दिसतात, आणि बहुधा ते काचेवर ओरखडा काढतं.

फसगतही होते, बरं का. दगडावर काळ्या नाजूक फांद्यांची नक्षी दिसली की आपल्याला वाटतं, झाड आहे. बहुतेकदा ते भेगेत शिरलेलं मँगनीज असतं. पानाला मधली शीर असते, खऱ्या खवलांची रांग ठरावीक असते. तसंच, प्रत्येक गोल गोटा म्हणजे डायनोसॉरचं अंडं नव्हे.

किंमत किती?

हाच प्रश्न सगळ्याजणी आधी विचारतात. पैशांत पाहिलं तर फुटक्या ठशाला फारसं कुणी देत नाही. खरं मोल पाहायचं तर वरोरा तालुक्यातल्या पिजदुऱ्याची गोष्ट ऐका. तिथे सापडतात डायनोसॉरच्या शेणाचे दगड. नाक मुरडू नका! त्या शेणात गवताचे सूक्ष्म कण सापडल्याचं शास्त्रज्ञांनी २००५ साली जाहीर केलं. तोवर समज असा की गवत पसरलं ते डायनोसॉर संपल्यावर. पुढे २०११ साली तर त्यात भाताच्या कुळातल्या गवताचाही पुरावा मिळाला. म्हणजे आपल्या पातेल्यातल्या भाताचं घराणं निदान साडेसहा कोटी वर्षांचं!

आता विचार करा, त्या शेणाच्या दगडावर गावाचं नाव नसतं तर? कुठला, कुठल्या थरातला हे कळल्याशिवाय शास्त्रज्ञाला त्याचा उपयोग नाही. माझ्या चिपेचं झालं तेच. खवलं गेली ती गेलीच, पण गावाचं नाव गेलं हे अधिक वाईट.

एवढं कराच

- दगड घासू नका, अ‍ॅसिड नको, वॉर्निशही नको. मऊ ब्रशने धूळ झटका.
- गाव, नाला किंवा शेत, तारीख आणि कुणाला सापडला हे चिठ्ठीवर लिहून दगडाबरोबर डब्यात ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा.
- फोटो काढताना शेजारी नाणं ठेवा, आकार कळतो.
- राखीव जंगलातून परवानगीशिवाय दगड उचलणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. तिथे काही दिसलं तर फोटो काढा आणि वनखात्याला कळवा.
- दाखवायचा असेल तर नागपुरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय आहे. महाविद्यालयातले भूगर्भशास्त्राचे प्राध्यापकही सांगतील.

माझी कोरी झालेली चीप मी टाकलेली नाही. वर्गात नेते आणि मुलींना सांगते, ‘हिच्यावर मासा होता.’ तुमच्या दगडावरचा अजून असेल. आज दुपारी कामं आटोपली की तेवढी चिठ्ठी लिहाच.