थांबावं कधी?

मी बीए झालेला कवी. कविता कधी पुरी झाली, हे मला कुणी सांगत नाही. यंत्रालाही हाच प्रश्न पडतो, आणि तिथे उत्तर चुकलं तर नुसती ओळ बिघडत नाही.

आमच्या अंबरनाथ एमआयडीसीसारख्या ठिकाणच्या भट्टीची भिंत डोळ्यांसमोर आणा. आतली बाजू १००० अंश, बाहेरची १००. भिंतीच्या जाडीत सारख्या अंतरावर दोन ठिकाणं घ्या. उष्णता स्थिरावली की प्रत्येक ठिकाणचं तापमान दोन्ही शेजाऱ्यांच्या सरासरीइतकं असतं. सुरुवातीला दोन्ही शून्य धरा. पहिल्या फेरीत येतात ५०० आणि ३००, दुसरीत ६५० आणि ३७५, तिसरीत ६८७.५ आणि ३९३.७५. खरं उत्तर ७०० आणि ४००. दर फेरीला चूक चौथाईवर येते. गाउस या जर्मन गणितज्ञानं १८२३ साली आपल्या विद्यार्थ्याला पत्रातून अशीच फेऱ्यांची रीत कळवली होती.

खऱ्या कामात ठिकाणं लाखो असतात. तेव्हा एका फेरीत उत्तर केसभरच सरकतं. 'आकडे हलायचे थांबले, म्हणजे उत्तर आलं' ही कसोटी इथे फसवते. मुंगी हळू चालते म्हणून ती घरी पोचली असं कुणी म्हणत नाही.

म्हणून जाणकार आपल्या कामापुरती वेगळी कसोटी लिहितात. अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेच्या 'पेट्सी' या प्रणालीत तशी सोयच आहे. भट्टीसाठी विचारावं: भिंतीत शिरलेली उष्णता आणि बाहेर पडलेली उष्णता जुळली का? आपल्या उदाहरणात पहिल्या फेरीनंतर आतल्या टोकाचा उतार ५०० अंश, बाहेरच्या टोकाचा २००. तिसऱ्या फेरीनंतर ३१२.५ आणि २९३.७५. दोन्ही ३०० झाले की हिशेब मिटला. किती फरक चालेल, ते काम पाहून आधीच ठरवायचं.

कसोटीत आणखी दोन गोष्टी हव्यात. फेऱ्यांना मर्यादा हवी, आणि चूक वाढत चालली तर तिथेच थांबायला हवं. पण थांबताना यंत्रानं कारण सांगितलं पाहिजे. 'सापडलं म्हणून थांबलो' आणि 'दमलो म्हणून थांबलो' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कागदावर दोन्ही आकडे सारखेच दिसतात. त्या आकड्यावरून भिंतीची जाडी ठरते, आणि भिंतीपलीकडे पाळीवरचा माणूस उभा असतो.